राजहंसाचं पिल्लू बसून राहतं, पाय लटपटतात: घरी काय करायचं आणि काय टाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवडी बाजारातून राजहंसाची तीन पिल्लं आणली, आता ती साधारण १२ दिवसांची आहेत. त्यातलं एक परवापासून बसून राहतं. उठवलं तर दोन पावलं टाकून पुन्हा फतकल मारतं, पाय थरथरतात, खाणं निम्म्यावर आलंय. बाकीची दोन हिंडतायत. खायला मक्याचा भरडा आणि तांदळाची कणी. पडवीत प्लास्टिकच्या टबात वर्तमानपत्र घालून ठेवली आहेत आणि रोज संध्याकाळी घंगाळात पोहायला सोडता. दुकानातून कोंबड्यांची अँटिबायोटिक पावडर आणली आहे, ती द्यावी का, असं विचारलंय. दवाखाना १८ किलोमीटरवर, आणि गुहागरात सध्या पाऊस थांबत नाही.

पावडर बाजूला ठेवा, ताई. ती का नको ते पुढे सांगते. आधी पुढच्या तासाभरात काय करायचं ते.

मी पशुवैद्यक आहे. दक्षिण कोकणात २३ वर्षं काम करतेय, आणि घरी राजहंसही पाळते. इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या पिल्लांपैकी बरीचशी मूळ आजाराने गेलीच नाहीत. ती गारठून गेली, तहानेने गेली, किंवा माणसाने घाईने तोंडात ओतलेल्या पाण्याने गेली. आजार ओळखायला दोन दिवस लागले तरी चालतात, ऊब द्यायला मात्र दोन तास उशीर झालेला चालत नाही.

म्हणून पहिलं काम ऊब. कोकणात जुलैत दिवसा २७-२८ अंश असतं आणि हवा दमट, त्यामुळे आपल्याला उकडत असतं. पिल्लाला थंडी कशाला वाजेल, असं वाटतं. पण मोठ्या राजहंसाच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि १२ दिवसांच्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. या वयाच्या धडधाकट पिल्लाला अंगाजवळ २९-३० अंश पुरतात. आजारी पिल्लाला मी ३२ देते. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, टीव्हीचं किंवा मिक्सरचं, पिल्लाला आत दोन-तीन पावलं सरकता येईल एवढं. एका टोकाला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब टांगा, पिल्लाच्या पाठीपासून वीतभर-दीड वीत वर. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही, तो लावून निर्धास्त झोपलेल्या लोकांची पिल्लं सकाळी गार झालेली मी पाहिली आहेत. खोक्याचं दुसरं टोक मुद्दाम थंड ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला तिकडे सरकता येईल. तुमचं पिल्लू चालत नाही, त्यामुळे हे सरकणं तुम्हालाच करायचं आहे. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, पंख अंगापासून सुटे धरले असतील तर बल्ब वर घ्या. अंग आक्रसून, मान खांद्यात ओढून बारीक आवाजात सतत ओरडत असेल तर खाली घ्या. वीज गेली तर कोमट-गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायची आणि दर दीड-दोन तासांनी पाणी बदलायचं. पावसाळ्यात रात्री वीज जाणारच, तेव्हा बाटली आणि थर्मासमध्ये गरम पाणी आजच तयार ठेवा.

खाली वर्तमानपत्र नको. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, आणि या वयात सतत घसरणारे पाय बाहेरच्या बाजूला फाकतात ते फाकतातच. स्वच्छ गोणपाट अंथरा किंवा जुना, धागे न सुटलेला टॉवेल. धाग्यांचं मुद्दाम सांगते, कारण सुटा धागा पिल्लाच्या बोटाला वेढा घालून बसतो आणि बोट काळं पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा एक टॉवेल पिळून चुंबळ करा, डोक्यावर हंडा घेताना करतात तशी, आणि पिल्लाला तिच्यात पोटावर बसवा. पाय दोन्ही बाजूंना अंगाखाली नीट यायला हवेत. अशक्त पिल्लू उताणं पडलं तर त्याला स्वतःहून पालथं होता येत नाही. हवेत पाय मारत मारत ते थकून मरतं. चुंबळीमुळे ते उताणं पडत नाही.

पोहणं आजपासून बंद. आईच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिल्लांच्या लवेला आईच्या पिसांवरचं तेल लागतं, म्हणून ती पहिल्या आठवड्यातही पाण्यातून कोरडी बाहेर येतात. बाजारातली पिल्लं बहुधा मशीनमधली असतात किंवा खुडूक कोंबडीखाली उबवलेली. त्यांची लव पाणी पिते. संध्याकाळी घंगाळातून काढलेलं पिल्लू वरून कोरडं दिसलं तरी बोटाने लव उलटी करून पाहा, मुळाशी ओल असते, आणि ती ओल घेऊन ते रात्रभर बसतं. आत्ताही पोटाखाली हात घालून बघा. ओलसर लागलं तर टॉवेलने टिपून घ्या, चोळू नका. हेअर ड्रायर असेल तर कमी उष्णतेवर, हातभर लांबून, स्वतःचा दुसरा हात मधे धरून वापरा. तुमच्या हाताला चटका बसत नसेल तरच ते पिल्लाला सोसेल.

दुसरं पाणी. इथे माझी एक जुनी चूक सांगते, कारण ती मी विसरलेली नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मलूल पिल्लू माझ्याकडे आलं. मी त्याची मान सरळ वर धरली आणि चमच्याने साखरपाणी तोंडात सोडलं. त्याने एकदा मान झटकली, दोन वेळा चोच उघडली, आणि माझ्या तळहातावरच ते थंड झालं. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं. आपल्यासारखं झाकण त्याला नसतं. वरून ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. तेव्हापासून मी कुणालाही चमच्याने पाजू देत नाही. एक मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्या. एक थेंब चोचीच्या कडेला, बाहेरून, जिथे वरची-खालची चोच मिळते तिथे लावा. थेंब आत ओढला जातो, पिल्लू चोच चावल्यासारखी करतं आणि गिळतं. गिळलेलं दिसलं की पुढचा थेंब. सुरुवातीला दर अर्ध्या तासाने एक-दोन मिलिलिटर पुरे. गार पडलेल्या पिल्लाला मात्र आधी ऊब, मग पाणी. अंग थंड असताना पोट काम करत नाही.

पहिला एक दिवस मेडिकलमधल्या ओआरएसचं पाणी द्या, पण जी पुडी आपण एक लिटरमध्ये टाकतो ती दोन लिटरमध्ये. लहान पाणपक्ष्यांना मीठ लवकर बाधतं. शेजारी साधं पाणीही ठेवा. भांडं इतकं खोल हवं की पिल्लाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवता येईल, पण अंग बुडू नये. राजहंस आणि बदक चोच आणि नाकपुड्या पाण्याने धुतात. उथळ ताटलीत ते होत नाही, मग नाकपुड्यांत भरडा साचतो आणि डोळ्यांच्या कडा चिकटतात. मी जुना स्टीलचा डबा ठेवते आणि त्यात मध्यभागी एक धुतलेला दगड.

तिसरं सोबत. ही गोष्ट लोकांना लाडाची वाटते, पण ती औषधाइतकीच गरजेची आहे. राजहंसाचं पिल्लू अंड्यातून आल्यावर जे हलतं-बोलतं दिसतं त्याच्यामागे जातं. कॉनराड लोरेन्झ यांनी कलहंसाच्या पिल्लांवर याचाच अभ्यास केला आणि प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ मध्ये त्यांना, आणखी दोघांसोबत, नोबेल मिळालं. एकटं पडलेलं पिल्लू ओरडत राहतं, खात नाही, आणि ओरडण्यात त्याची उरलीसुरली ताकद जाते. आजारी पिल्लू वेगळं काढायचं हे खरं, कारण संसर्ग असू शकतो आणि बाकीची त्याला तुडवतात. पण भिंतीआड नेऊ नका. दोन खोकी शेजारी ठेवा आणि मधला पुठ्ठा कापून तिथे जाळी लावा. भावंडं दिसली, ऐकू आली की ओरडणं थांबतं. रात्री खोक्यात छोटा आरसा आणि मऊ कापडाची पुरचुंडी ठेवली तरी फरक पडतो.

आता पायांकडे वळू. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय संसर्गावर नाही, खाण्यावर आहे.

मक्याचा भरडा आणि कणी हे कोंबडीचं खाणं म्हणूनही अपुरं आहे, राजहंसाच्या पिल्लाला तर ते उपासासारखंच. ही पिल्लं झपाट्याने वाढतात. अंड्यातून निघताना जेमतेम १०० ग्रॅमचं असलेलं पिल्लू तीन आठवड्यांत किलोच्या घरात जातं. एवढं वजन उचलणारी हाडं आणि स्नायू घडायला नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, भरपूर लागतं. राजहंसाच्या पिल्लाला किलोभर खाद्यात ५५ ते ६५ मिलिग्रॅम हवं. कोंबडीच्या पिल्लाचं साधारण त्याच्या निम्म्यात भागतं. मक्यात नायसिन आहे, पण ते बांधलेलं असतं, पोटात सुटत नाही. मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळं होतं. जगात जिथे मका पोचला पण चुन्याची ही रीत पोचली नाही, तिथल्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा आजार, झाला. तुमच्या पिल्लाच्या ताटात मका आहे, चुना नाही, आणि कणी म्हणजे कोंडा निघून गेलेला तांदूळ. नायसिन होतं ते कोंड्याबरोबर गेलं.

पाय कसे तपासायचे ते सांगते. पिल्लाला मांडीवर घ्या, पोट तुमच्या तळहातावर, पाय मोकळे लोंबते. ज्याला आपण मागे वळणारा गुडघा म्हणतो तो खरं म्हणजे पक्ष्याचा घोटा. दोन्ही घोटे अंगठा आणि तर्जनीत धरून बघा. नायसिन कमी असेल तर ते किंचित जाड लागतात, पाय कंसासारखे वाकायला लागलेले असतात, पण बोटं तुमचं बोट पकडू बघतात आणि पायाचा तळवा कोमट असतो. मग घोट्याच्या मागच्या बाजूने हलकं बोट फिरवा. तिथे एका खाचेत दोरीसारखी शीर लागते, तो स्नायूबंध. तो खाचेत असायला हवा. एका पायात तो खाचेत न लागता बाजूला घसरलेला लागला, आणि तो पाय घोट्यापासून बाहेर किंवा आत वळलेला असेल, तर प्रकरण वेगळं. त्यात मँगनीज आणि कोलीन कमी पडलेलं असतं, आणि तो बंध पहिल्या दोन-तीन दिवसांत जागेवर बसवावा लागतो. ते घरी करू नका, त्यासाठी १८ किलोमीटर जायलाच हवं. दोन्ही पाय सरळ आहेत पण मांडीपासून बाहेर फाकतात, असं असेल तर ती वर्तमानपत्राची करामत. अशा वेळी दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर ठेवून घोट्याच्या खाली मऊ चिकटपट्टीचं बेड्यांसारखं बंधन चार-पाच दिवस घालतात, रोज सोडून त्वचा बघून पुन्हा बांधतात.

नायसिनचाच प्रकार असेल तर उपाय स्वस्त आहे. मेडिकलमध्ये माणसांच्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मिळतात. वेष्टनावर निकोटिनामाइड किंवा नायसिनामाइड किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. दोन लिटर पिण्याच्या पाण्याला १०० मिलिग्रॅम या हिशेबाने गोळी कुटून विरघळवा. पाणी पिवळं होतं, थोडा वास येतो, पिल्लं पितात. हे पाणी रोज नवं करायचं आणि सावलीत ठेवायचं, कारण उजेडात यातली काही जीवनसत्त्वं मरतात. तिन्ही पिल्लांना द्या. बाकीची दोन आज हिंडतायत, पण खाणं तिघांचं एकच आहे. पहिला दिवस ओआरएसचा गेला की दुसऱ्या दिवसापासून हे. दोन आठवडे चालू ठेवा. साधारण दोन-तीन दिवसांत थरथर कमी होते, पिल्लू उभं राहायला बघतं. हाड मात्र वाकून बसलं असेल तर नंतर सरळ होत नाही, म्हणून उद्यावर टाकू नका.

खाणं आजच बदला. पशुखाद्याच्या दुकानातून ब्रॉयलर स्टार्टरचा चुरा आणा, प्रथिनं २० ते २२ टक्के असलेला. पिशवीवर सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मॅड्युरामायसिन यातलं काही लिहिलं असेल तर ती पिशवी नको. ही औषधं कोंबडीच्या पोटाच्या हिशेबाने घातलेली असतात आणि राजहंसाचं पिल्लू अंगाच्या मानाने कितीतरी जास्त खातं. शंभर ग्रॅम चुऱ्यात पाच ग्रॅम ब्रुअर्स यीस्ट मिसळा. पाव-ब्रेडला वापरतात ते जिवंत यीस्ट नव्हे, ते पोटात फुगतं. चुरा कोमट पाण्यात भिजवून ओलसर लापशीसारखा द्या, चार तासांनी उरलेला फेकून द्या. कोकणच्या हवेत तो त्याहून जास्त टिकत नाही.

आणि हिरवं. राजहंस मुळात चरणारा पक्षी आहे. कोवळी हरळी, घोळ, मेथी, कोथिंबीर कात्रीने अगदी बारीक, नखाएवढी चिरा. लांब पाती तशीच दिली तर ती गळ्यात गुंता होऊन अडकतात. न खाणाऱ्या पिल्लासाठी माझी एक युक्ती आहे. चिरलेली कोथिंबीर पाण्याच्या डब्यात तरंगत सोडायची. पिल्लू कोरड्या ताटलीकडे ढुंकून बघत नाही, पण तरंगणारं हिरवं दिसलं की चोच मारतं, आणि हिरव्याबरोबर पाणीही पोटात जातं. हिरवं सुरू केलं की चिमूटभर धुतलेली बारीक वाळू ठेवा, दळायला लागते. अंगणातल्या कण्हेरीकडे मात्र फिरकू देऊ नका. तिचं पान राजहंसाला मारतं. शेजारच्या भातात किंवा सुपारीच्या अळ्यात दाणेदार कीटकनाशक टाकलं असेल तर तिथलं गवत आणि तिथलं साचलेलं पाणी दोन्ही वर्ज्य.

शेंगदाण्यात नायसिन भरपूर, म्हणून पेंड घालू का, असं पुढे विचाराल. पावसाळ्यात नको. शेंगदाणा पेंड आणि मका दमटपणात बुरशी धरतात. त्यातल्या एका बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष पाणपक्ष्यांच्या पिल्लांचं यकृत फार लवकर खलास करतं. हे विष जगाला कळलं तेच पक्ष्यांमुळे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्कीची पिल्लं मेली, बदकांचीही मेली, आणि शोध घेतला तेव्हा कारण ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडलं. तुमच्याकडचा उरलेला भरडा मूठभर हातात घेऊन हुंगा. कुबट वास आला, गोळे झालेले दिसले, तर कोंबड्यांनाही घालू नका. धुऊन, वाळवून, भाजून ते विष जात नाही.

पायांना व्यायाम हवा, पण तो तिसऱ्या दिवसापासून, पिल्लू खायला लागल्यावर. टबात कोपरभर कोमट पाणी घ्या, मनगटाला सुखद लागेल असं. पोटाखाली हात ठेवून पिल्लाला पाण्यात धरा. अंगाचं वजन पाणी उचलतं आणि पाय आपोआप वल्हवायला लागतात. तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनदा. लगेच टिपून बल्बखाली. ज्या पोहण्याला मी वर नाही म्हटलं, तेच पोहणं तुमच्या हाताखाली आणि नंतर कोरडं करून दिलं तर उपचार होतो.

आता ती पावडर. अँटिबायोटिक जंतूंवर काम करतं. पोषण कमी पडल्याने वाकणाऱ्या पायांवर त्याचा काही उपयोग नाही. पिल्लाच्या आतड्यातले चांगले जंतू मात्र त्याने मरतात आणि आधीच कमी खाणारं पिल्लू आणखी कमी खातं. शिवाय डोस कोंबडीचा, त्यातही हजार पक्ष्यांच्या शेडच्या हिशेबाने छापलेला. तुमच्या पिल्लाला अँटिबायोटिक लागणार असेल तर ते कुठलं, किती आणि किती दिवस हे तपासणाऱ्याने ठरवायला हवं. दुखतंय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी तर चुकूनही नको. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने आपली गिधाडं कशी संपली ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या जनावरांसाठीच्या उत्पादनावर २००६ मध्ये बंदी आली.

शीट बघायला शिका, कारण पिल्लू बोलत नाही. निरोगी शीट हिरवट, थोडी घट्ट आणि वर पांढरी टोपी. दिवसातून काही वेळा तपकिरी, मऊ, घाण वासाची पडते, तीही नेहमीचीच. तिला घाबरून लोक जुलाबाचं औषध देतात. चुनखडीसारखी पांढरी, पाण्यासारखी, किंवा रक्त मिसळलेली शीट मात्र साधी गोष्ट नाही. राजहंसाला मूत्रपिंडात होणारा कॉक्सिडिया, म्हणजे एक सूक्ष्म परजीवी, असतो. तो तीन आठवड्यांपुढच्या पिल्लांत जास्त दिसतो. पिल्लू सुकतं, डोळे खोल जातात, पंख लोंबतात. तुमच्या पिल्लाचं वय त्याच्या जरा अलीकडचं आहे, पण पुढच्या महिन्यात लक्षात ठेवा.

काही लक्षणं दिसली तर माझ्या उत्तरावर विसंबू नका, पाऊस असला तरी निघा. चोच उघडी ठेवून, मान लांबवून श्वास घेणं, पण घशात आवाज नाही: हा बहुतेकदा बुरशी लागलेल्या तुसातून फुप्फुसात गेलेला आजार, घरी बरा होत नाही. डोकं थरथरणं, मान पाठीकडे वळणं, डोळ्यांतून-नाकातून पाणी आणि हिरवे जुलाब: जिवाणूंचा आजार, इथे अँटिबायोटिक खरोखर लागतं आणि लवकर लागतं. मान गळून पडणं, पाय-पंख लुळे: कुजक्या डबक्यातलं विष. ऊब आणि थेंब-थेंब पाणी देऊनही १२ तासांत स्वतःहून एक घोटही न घेणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरं पिल्लूही खाली बसणं. खाण्याच्या दोषातही तिन्ही पिल्लं बसू शकतात, पण ती दिवसादिवसाने बसतात, एका रात्रीत नाही. जाता येत नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा, पशुसंवर्धन विभागाची फिरती पथकं त्यावर मिळतात. नेताना खोकं बंद करून, बाटलीच्या उबेसकट न्या, आणि सोबत शिटेचा नमुना व खाद्याची मूठभर पुडी.

घरात किंवा वाडीत कोंबड्या, बदकं पटापट मरायला लागली तर वेगळंच पाऊल उचलायचं. हात न लावता तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला कळवायचं. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाली होती. त्या विषाणूचं हे घराणं पहिल्यांदा मिळालं ते १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमधल्या एका पाळीव राजहंसात. तुमच्या एका लंगड्या पिल्लाचा याच्याशी संबंध नाही, घाबरू नका. पण मेलेले पक्षी नदीत टाकणं आणि उरलेले घाईने बाजारात विकणं या दोन गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, म्हणून लिहिते.

मुलांना पिल्लू हाताळू द्या, ते चांगलंच आहे, पण नंतर साबणाने हात धुवायचे आणि चोचीचा पापा घ्यायचा नाही. निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या शिटेतही साल्मोनेला हा जंतू असू शकतो.

एवढं सगळं करून पिल्लू गेलं तर स्वतःला दोष देण्यात दिवस घालवू नका. उरलेल्या दोघांसाठी एक काम करा. मेलेलं पिल्लू दोन प्लास्टिक पिशव्यांत घालून बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात द्या. शवविच्छेदनात यकृत, मूत्रपिंड आणि फुप्फुस बघितलं की माझ्या अंदाजांना काही अर्थ उरत नाही, कारण तिथे उत्तर समोर असतं. गरज पडली तर नमुने पुण्याला औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवता येतात.

तुमच्या दोन धडधाकट पिल्लांचं तेवढं सांगते. तीन आठवड्यांनंतर स्टार्टर हळूहळू कमी करून १५-१६ टक्के प्रथिनांचं ग्रोअर आणि भरपूर चराई, नाहीतर लाडाने चारलेल्या पिल्लांचे पंख मनगटापाशी बाहेर वळतात. तसं दिसायला लागलं तर लगेच लिहा, सुरुवातीला काही दिवस पट्टी बांधून पंख जागेवर येतो.

आज रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लाचं वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेत लिहून ठेवा. उद्या सकाळी, खायला घालण्याआधी, पुन्हा करा. वजन तेवढंच राहिलं तरी ते चांगलं समजा, घटलं तर काळजीचं. मला तीन गोष्टी कळवा: दोन्ही वजनं, सकाळच्या शिटेचा रंग, आणि पिल्लाला मांडीवर घेऊन मागून काढलेला दोन्ही घोट्यांचा फोटो, उजेड खिडकीचा असू दे. घोट्यामागची ती शीर खाचेत लागते की बाजूला, ते मात्र आत्ताच बघा, फोटोची वाट पाहू नका.